चिंचेने घासलेली पेनी

सबनीस काकूंनी टेबलावर रुमाल उघडला आणि चाळीसेक नाणी लखलखली. तांब्याच्या जुन्या ब्रिटिश पेन्या अशा लखलखत नाहीत.

"निघायच्या आदल्या दिवशी बसून सगळी चिंचेने घासली," काकू म्हणाल्या. "परक्यांपुढे काळीकुट्ट कशी ठेवायची?"

ही २०१६ सालची गोष्ट. फ्रँकफर्टमध्ये नाण्यांचा लिलाव करणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये मी कॅटलॉगर होते. आलेलं नाणं ओळखायचं, त्याची अवस्था ठरवायची आणि कॅटलॉगमध्ये दोन ओळी लिहायच्या. बोलायचं काम कमी, म्हणून मला ते आवडायचं. ब्रिटिश नाणी माझ्याकडे यायची, कारण ऑफिसात इंग्लिश त्यातल्या त्यात माझं बरं होतं.

काकूंचे यजमान साठच्या दशकात इंग्लंडमधल्या एका फाउंड्रीत कामाला होते. हातात येणाऱ्या सुट्ट्या पैशांतून पेन्या निवडून ठेवायची त्यांना सवय. ते जाऊन वर्ष झालं होतं. काकू आता जर्मनीतच, इंगोलश्टाटला मुलाकडे राहायच्या. मुलगा निखिल गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने नाण्यांचे फोटो मेल केले होते. त्यातली एक पेनी स्वतंत्र पुडीत होती. पुडीवर पेन्सिलने लिहिलं होतं, '१९२६. ही वेगळी आहे.'

फोनवर काकूंनी एकच प्रश्न विचारला होता. "ती खरंच वेगळी आहे का गं? घरात सगळे ह्यांना चिल्लरवाले म्हणायचे. मीसुद्धा."

झालं होतं असं की, १९२६ मध्ये पेनीवरच्या राजाच्या चेहऱ्याचा साचा बदलला. जुन्या साच्यात मानेच्या कडेवर शिल्पकाराची आद्याक्षरं टिंबांसकट आहेत. नव्यात ती मागे सरकली आणि टिंबं गेली. त्या सालच्या पेन्यांत नव्या साच्याच्या फार थोड्या सापडतात. फोटो मोठा करून मी बघितला होता. टिंबं नव्हती. नाणं फार कमी झिजलेलं, वर एकसारखा चॉकलेटी थर. संग्राहक जीव टाकतात तो त्या थरावर. एकदा गेला की तो परत आणता येत नाही.

मला हे सगळं दिसत होतं. तरी मी फोनवर म्हणाले, "हातात घेतल्याशिवाय नाही सांगता येणार." फर्मचा नियमच होता, फोटोवरून कुणाला आशा लावायची नाही. 'नाणी साफ करू नयेत' ही सूचना मेलच्या अटॅचमेंटमध्ये होती. जर्मन आणि इंग्लिशमध्ये, दुसऱ्या पानावर.

माझे बॉस क्रोलसाहेब आले. त्यांनी भिंग लावलं आणि लगेच काढलं.

"घासलंय. कशाने?" त्यांनी मला जर्मनमध्ये विचारलं.

"चिंचेने."

"ती तुम्ही खाता ना?"

"खातो. आणि तिने तांबं घासतो. घरोघरी."

"म्हणजे तुला हे माहीत होतं."

"या," मी जर्मनमध्ये म्हणाले. म्हणजे हो.

मग त्यांनी काकूंसोबत आलेल्या निखिलला इंग्लिशमध्ये समजावून सांगितलं. निखिल आईकडे वळला. "आई, रेअर होती ती. तू घासलीस आणि वाट लावलीस."

"वाट लावली म्हणजे? ही काय, आहे की." काकूंनी पेनी उचलली. बराच वेळ धरून ठेवली. "पन्नास वर्षं ह्यांनी पुडी उघडू दिली नाही मला."

अटॅचमेंट निखिलनेही उघडली नव्हती. ते मी बोलले नाही. पण एवढं म्हणाले, "काकू, फोनवर मी सांगायला हवं होतं. माझंच चुकलं."

"तू कशाला सांगशील? तांबं घासू नका, असं कुणी सांगतं का?" मग आवाज खाली आणून, "पण ह्यांनी बरोबर ओळखलं होतं ना?"

"अगदी बरोबर."

"मग तेवढं लिहून दे. शिक्का मारून." त्यांनी निखिलकडे बघितलंही नाही. "ह्याच्यासाठी हवंय."

फर्मच्या कागदावर मी इंग्लिशमध्ये टाइप केलं: पेनी, १९२६, सुधारित चेहरा, दुर्मीळ. सहीसाठी क्रोलसाहेबांकडे नेलं. त्यांनी वाचलं आणि कागद परत केला.

"एक शब्द राहिलाय."

"त्यांना फक्त घरच्यांना दाखवायचंय."

"कागद आपला आहे."

मी परत गेले आणि तो शब्द घातला.

दारात काकूंनी कागदावर बोट ठेवलं. "हे शेवटचं काय गं?"

"साफ केलेली," मी म्हणाले. काकूंनी मान हलवली आणि कागदाची घडी घातली.

बाकीची नाणी लिलावात एकत्र, एका लॉटमध्ये विकली गेली. ती पेनी काकूंनी विकली नाही.

आमची सूचना आता पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत आहे. आपल्याकडच्या कुणाचा फोन आला, तर मी नाव विचारण्याआधीच सांगते, नाणी घासू नका. बहुतेकांनी तोवर घासलेली असतात.