कोरड्या डब्यातला हरभरा

जाधवबाई गेल्याचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी चौथीचे गणिताचे पेपर तपासत होतो. कार्ड वाचलं आणि पुढच्या तीन पोरांना पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले... माझ्या स्वभावात हे बसत नाही, शाळेत कुणालाही विचारा.

सत्तरच्या दशकात बाई देवळाली कॅम्पच्या आमच्या प्राथमिक शाळेत लागल्या तेव्हा त्यांची नोकरी कच्ची होती. तपासणीचे साहेब वर्ग बघणार आणि त्यांच्या शेऱ्यावर कायम व्हायचं की घरी बसायचं ते ठरणार. अशा वेळी शहाणा माणूस पाढे म्हणून घेतो. बाईंनी लष्करी वसाहतीतल्या पोरांकडून दूध पावडरचे तीन रिकामे डबे मागवले, तळाला खिळ्याने भोकं पाडली आणि हरभरा पेरला. रोपं वर आल्यावर एका डब्याला ऊन आणि पाणी दोन्ही, दुसऱ्याला पाणी पण मुक्काम कपाटात, तिसऱ्याला ऊन पण पाण्याचा थेंब नाही. रोपाला काय लागतं, ते मुलंच साहेबांना सांगणार होती. मी शेजारच्या वर्गाचा मास्तर. म्हणालो, "बाई, हरभऱ्याच्या भरवशावर नोकरी ठेवू नका." त्या नुसत्या हसल्या. त्यांच्या त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

साहेब आले, मी दारात उभा राहिलो. ज्याला ऊन आणि पाणी दोन्ही द्यायचं ते रोप मान टाकून पडलेलं, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने घातलं असेल. कपाटातलं बऱ्यापैकी हिरवं. आणि कोरड्या डब्यातला हरभरा असा तरारलेला, की भाजीच करावी! साहेबांनी विचारलं, "काय शिकलात?" पहिल्या बाकावरची सुमन उठली. "पाणी नाय घातलं की रोप लय वाढतं, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "या डब्यात कोणी कोणी पाणी घातलं? खरं सांगा." एक हात वर आला, मग सुमनचा, मग सगळ्या वर्गाचा. "त्याला तहान लागलेली, साहेब." कपाटाचं दार मधल्या सुट्टीत गणपत उघडायचा, रोपाला अंधारात भीती वाटत असेल म्हणून. शेवटी बाईंनीही हात वर केला. "मीसुद्धा... शनिवारी. रविवारी शाळा बंद असते ना."

साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि शेरा उत्तम लिहून गेले. पण साहेब असं लिहितील हे हात वर करताना बाईंना कुठे ठाऊक होतं? मला ठाऊक नव्हतं, म्हणून माझा हात खिशातच राहिला. रोज घरी जाताना फिरकीच्या तांब्यातलं उरलेलं पाणी मी त्याच डब्यात ओतत होतो. पुढे बारा वर्षं बाईंबरोबर चहा प्यालो, पण हे कधी बोललो नाही. लाज वाटते.

गेल्या आठवड्यात इंदिरानगरला त्यांच्या घरी गेलो. खिडकीत कुंड्या होत्या, शेजारी भरलेली लोटी. "निघताना पाहुण्याने एका कुंडीत पाणी घालायचं, आईचा नियम होता," त्यांची मुलगी म्हणाली. "हल्ली माणसं इतकी येतात, की कुंड्या कुजायला आल्यात."

खोलीत पाचसहा माणसं बसली होती. मी सगळ्यांना दिसेल असा हात वर केला, म्हणालो, "बाई, मीसुद्धा," आणि मग लोटी उचलली.