ज्याला कळलं नाही, त्याच्या हातात खडू

टाकळकरबाई वर्गात आल्या की चौघांच्या बाकाला एकच खडू देत, आणि तोही ज्याला गणित कळलं नाही त्याला. कळलेल्यांनी हात पाठीमागं बांधायचे आणि नुसतं तोंड चालवायचं. जामबागच्या आमच्या मराठी शाळेतून त्या तासाला जो गोंगाट उठे, त्यानं शेजारच्या कोटी भागातली सगळी कबुतरं उडून गेली. आता दिसतात ती नंतर आलेली.

बाकावरची माणसंही बाई पारखून बसवत. मी घाईचा, प्रश्न संपायच्या आत उत्तर. सुलभा पवार चित्र काढल्याशिवाय दोनात दोन मिळवायची नाही. पांडूला सगळं हातानं करून बघावं लागे. शकू पायरीपायरीला "पण का?" विचारी. "चौघांची डोकी चार वाटांनी चालतात," बाई म्हणत. "एकाच वाटेनं चालली असती, तर मला एकच पोरगं पुरलं असतं."

देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता. नामपल्लीतल्या शिकवणीच्या क्लासची रांग म्हणे स्टेशनात शिरून उभ्या गाडीत चढायची. बाबा बँकेत कॅशियर. बँकेत कम्प्युटर येणार म्हणून त्यांची झोप उडाली होती आणि त्यांनी माझीही उडवली. "परीक्षेत शेजारी सुलभा बसणार आहे का?" हा त्यांचा रोजचा सवाल. शेवटी ठरलं: सोमवारपासून शाळाही नवी, क्लासही नवा.

शनिवारी पालकसभेत बाबा माझा दाखला मागायला उभे राहिले.

"देते," बाई म्हणाल्या. "आधी बसा."

आम्हा चौघांच्या वडिलांना त्यांनी आमच्याच बाकावर कोंबलं. आम्ही भिंतीला टेकून. गणित एवढंच: चौघांपैकी प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा हात मिळवला, तर एकूण किती वेळा हात मिळाले?

"बारा. प्रत्येकाचे तीन, चार त्रिक बारा," बाबांनी फटकन सांगितलं. सुलभाचे वडील, अंबरपेठचे किराणावाले पवारकाका, बाकावर बोटानं रेघा ओढून सहा म्हणाले. पांडूचे वडील तर "मिलाव हात" म्हणत उठलेच. सगळ्यांचे हात मिळाले, तेही सहाच.

बाईंनी बरोबर-चूक काही सांगितलं नाही. "खडू कोणाला देऊ?"

पत्ता चुकला तरी रस्ताच चुकीचा बांधलाय म्हणणारे आमचे बाबा. आता दाखला घेऊनच उठणार.

"इकडं द्या," बाबा हळूच म्हणाले. "माझे जास्तीचे सहा आले कुठनं, कळेना."

तिघांनी हात पाठीमागं बांधले. शकूचे वडील म्हणाले, "तुमचा नि पवारांचा हात हिशेबात किती वेळा धरलात?"

बाबांनी रेघ ओढली, थांबले. "दोनदा. एकदा माझ्या बाजूनं, एकदा त्यांच्या."

दाखल्याचं नाव निघालं नाही. सोमवारी स्कूटर जामबागलाच थांबली. त्याच आठवड्यात बँकेतल्या कम्प्युटर शिकून आलेल्या नव्या पोराशेजारी बाबांनी स्टूल ओढलं म्हणे.

इतक्या वर्षांनी, परवा दवाखान्यात बाईंना बघायला गेलो. डॉक्टरांचं बोलणं मीच त्यांना भराभर समजावत होतो, सगळं ठीक होईल वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुला कळलंय का रे?"

"नाही, बाई."

त्यांनी रिकामी मूठ माझ्या तळहातावर उघडली. "मग धर खडू. आता मी बोलते."