कागदावर उतरलेलं भाऊचं डोकं

चांद्याला एक होता गोविंदाभाऊ, एक होती त्याची बायको यमुना, अन् त्यांच्याकडे राहायला आलेली मी, भाऊची बिनशिकलेली बहीण. भाऊ टेलिफोन ऑफिसात बोर्डावर, कॉल जोडायला. तिथले किस्से म्हणजे मोहाची फुलं! आज वेचून टोपली भरावी, तर उद्या पहाटे झाडाखाली पुन्हा सडा.

*

इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झाली होती. नागपूरचा एक डॉक्टर मोठी पेटी घेऊन आला. डोक्याला तारा चिकटवायच्या, माणसानं बोर्डावर काम करायचं, अन् डोक्यावर किती भार पडतो ते पेटीतल्या सुया कागदावर रेघा ओढून सांगणार!

भाऊची नोकरी कच्ची. ज्याचं डोकं थकलेलं निघेल तो घरी, अशी आवई उठली.

त्यात ऑफिसातला सीताराम चपराशी वहिनीला सांगून गेला, "डोक्यातलं सारं कागदावर उतरते म्हणते, बाई. मंग डोक्यात काय राह्यते?"

*

पहिला नंबर रातपाळीला बोर्डावर बसणाऱ्या सिरोंच्याच्या रामन्नाचा. बाहेर आला तो मुकाच! डबा घेऊन आलेली वहिनी घाबरून म्हणाली, "रामन्ना, मले ओळखता ना?"

"ओळखतो. काल डब्यात खारट भाजी तुम्हीच दिली होती!"

*

दुसऱ्या दिवशी भाऊ. संकटाच्या कामाला निघालेल्या माणसाचं डोकं कोरडं नसावं, अशी आमची रीत. वहिनीनं वाटीभर टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल जिरवलं. झालं! तारा घसरल्या, सुया आडव्या पडल्या, रेघ सरळ.

सीताराम खिडकीतून ओरडला, "गोविंदाभाऊ जिता हाये ना?"

साबणानं तीनदा डोकं धुतलं, तेव्हा सुया हलल्या.

*

बोर्डावर कॉलवर कॉल पडू लागले, तशा सुया पिसाळल्या. डॉक्टर म्हणाला, "एवढं काम रोज एकट्याने करता?"

नोकरीच्या धाकानं भाऊ म्हणाला, "नाई साहेब, कधीमधीच."

दाराशी उभी वहिनी फुटली. "खोटं काऊन बोलून राह्यले? जेवतानी बी बोटं नाचते तुमची!"

भाऊला वाटलं, गेली नोकरी. घरी येऊन कोणी चूल पेटवली नाही.

*

महिन्यानं नागपूरहून कागद आला. दोन दिवस देवापुढे तसाच पडून! शेवटी घरी आलेल्या रामन्नानं फोडला. बोर्डावर दुसरा माणूस मिळणार, अन् भाऊची नोकरी पक्की!

वहिनीनं आधी हेच विचारलं, "मंग आता धानकापणीले आपल्या सावली गावाले जाता येईन?"

रामन्ना लगेच भाऊच्या रजेचा अर्ज लिहायला बसला. "कारण काय लिहू, भाऊ?"

भाऊ कधी नव्हे तो पाय पसरून बसला होता. म्हणाला,

"लिहा, डोकं थकलं!"