एका सरळ रेघेसाठी लूम बंद

भिवंडीत सरळ रेघ काढता येत नाही. निदान निजामपुऱ्यातल्या आमच्या घरात तरी नाही, कारण खाली दादांचे (म्हणजे वडिलांचे) कापड विणायचे लूम आणि वर आम्ही. लूम चालू असले की चहाचा कप बशीसकट फिरायला निघतो. तिथे माझी पेन्सिल काय जागेवर राहणार?

पण हे डिप्लोमाच्या ड्रॉइंगच्या सरांना कोण सांगणार? एक साधा ठोकळा. तो समोरून काढा, वरून काढा, बाजूने काढा. (अरे, मुलगी बघायला गेलेली माणसंही इतकं बघत नाहीत!) सरांनी माझं शीट लांब धरलं. "ही रेघ आहे की गांडूळ? उद्या नवीन शीट आण. नाहीतर परीक्षेला बसायचं नाही."

घरी येऊन मी तणतणलो. "दादा, दुपारभर लूम बंद ठेवा."

"याच हादऱ्यात तुझी आई रोज रांगोळी काढते. ती बरी वाकडी होत नाही?"

मी भरल्या ताटावरून उठलो. मग आई दादांना काय बोलली कोण जाणे, पण लूम बंद झाले.

इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. जमिनीवर बोर्ड, त्यावर पांढरं शीट, त्यावर ओणवा मी. वरचं अर्धं काढून होतंय, तोच शेजारचे चाचा डोक्यावर टोपी घालून हळूच जिना चढून आले. "कौन गुजर गया?"

आमच्या गल्लीत भर दिवसा लूम बंद होतात ते घरात मयत झाली तरच. दादा मान खाली घालून म्हणाले, "कोणी नाही. पोरगा ड्रॉइंग काढतोय."

चाचांना वाटलं, दुःखाने दादांच्या डोक्यावर परिणाम झाला. ते त्यांचा हात धरून बसले. मागोमाग अख्खी गल्ली आली. तेव्हा फोन फक्त नाक्यावरच्या दुकानात, तरी बातमी आत्याच्या गावी, अंजूरला पोचली आणि ती रिक्षातून रडतच उतरली. मला पांढऱ्या शीटवर ओणवा बघून तिने छाती पिटली. "आरं, कोन गेला रं?"

"कोणी न्हाय गेलं. पण मी आता जाईन!"

शेवटी दादा खाली ओरडले, "चालू करा रे लूम." तेव्हा कुठे माणसं हलली. उरलेलं अर्धं शीट मी त्या खडखडाटात, दातओठ खात काढलं.

दुसऱ्या दिवशी मी शांततेत काढलेल्या वरच्या भागावर सरांनी बोट ठेवलं. "ही गांडुळं तुझीच. पण खालचं इतकं सरळ कोणी काढून दिलं?" सही केली, पण माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघत.

संध्याकाळी दादांनी विचारलं, "पुढच्या शीटलापण बंद ठेवायचे का?"

"नको," मी म्हटलं. "जमलं तर आणखी एक लूम टाका."