कुसुमताईंनी बंद केलेलं चूर्ण

बुरहानपुरात शनवारा दरवाजाजवळ मी पोटविकारांचा दवाखाना थाटला, तेव्हा समोरच वैद्य कुसुमताईंचा दवाखाना होता. त्यांच्या ओट्यावर बसायला जागा नसे. माझ्याकडे पंखा रिकाम्या खुर्च्यांना वारा घाली. पुढे ताईंनी स्वतः येऊन चौकशी केली, चहाला बोलावले. चहा उत्तम होता. हेवा मात्र गेला नाही.

ताईंचे पोटसाफीचे चूर्ण घरोघरी होते. देडतलाई गावच्या गंगाबाई ते वर्षानुवर्षे घेत होत्या. मात्रा वाढत गेली, चूर्णाशिवाय पोट हलेना, कळा येऊ लागल्या, अंगातले त्राण गेले. माझ्याकडे आल्या तेव्हा मी दुर्बिणीने तपासले, तर आतड्याचे अस्तर काळपट पडलेले. मी चूर्ण बंद करायला सांगितले. त्या हसल्या.

“डॉक्टरसाहेब, ती दवाई थोडीच आहे? ताईंच्या हातचं आहे. नुकसान कसं करेल?”

तपासणीचा फोटो घेऊन मी रस्ता ओलांडला. आज ताईंना निरुत्तर करायचे, असेच मनात होते.

ताईंनी तो बराच वेळ न्याहाळला. “चूर्णातल्या सोनामुखीमुळे?”

“हो. थोडे दिवस ठीक असते. रोज घेतली की आतडे आळशी होते.”

“मी थोडेच दिवस घ्या म्हणाले होते,” त्या हळू म्हणाल्या, “पण थांबवलं का, हे कधी विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी भरल्या ओट्यावर, सर्वांसमक्ष त्यांनी सांगितले, “हे चूर्ण मी आजपासून देणार नाही. रोज घेत असाल तर समोरच्या डॉक्टरांना दाखवा. चूक माझी आहे.”

मला वाटले, आता यांचा ओटा ओस पडणार. उलट लोक त्यांच्या पायाच पडले! माझ्या खुर्च्या भरल्या त्या ताईंच्या शब्दावर. गंगाबाईही पुन्हा आल्या. “ताई म्हणाल्या, म्हणून आले,” हे त्यांनी आवर्जून ऐकवले. आहार बदलून, सवय हळूहळू सोडवून त्यांचे पोट मार्गी लावायला कित्येक महिने गेले. पुन्हा तपासले, तेव्हा अस्तर गुलाबी होऊ लागले होते. बागेतल्या केळ्यांचा घड घेऊन त्या आल्या आणि माझ्या दारावरून सरळ ताईंकडे गेल्या.

रोग मी ओळखला, बरा मी केला. मान ताईंना मिळाला. पण भरल्या ओट्यावर ते तीन शब्द उच्चारणे मला जमले असते का? याचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि हेवा नेमका त्याचाच वाटतो.

आज ताई पंचाहत्तरीत पाऊल ठेवत आहेत. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो. त्यांच्या शंभरीचा गौरवलेखही मलाच लिहायला मिळो, आणि तोही असाच जळत जळत.