शत्रूनं लिहिलेली माणसं

कुणी काही ठामपणे सांगितलं की काका चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "पण हे लिहिलं कोणी?"

ऑफिसात असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. नेपरव्हिलहून शिकागोला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत ते माझ्या शेजारी बसत. नागपूरहून आले होते ते प्राचीन इतिहासात पीएच.डी. करायला. विषय, डेशियन लोक आणि त्यांचे शेजारी. शिष्यवृत्ती मध्येच संपली, घरात लहान मुलगी होती. मग कोर्स करून ते आमच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागले.

"आजच्या रुमेनियातले लोक हे," ते सांगत. "रोमनांशी दोन मोठी युद्धं लढले. पकडलं जाण्याआधी राजानं स्वतःचा गळा चिरला. शेजारचे सार्मेशियन घोडेस्वारही मदतीला आले होते. पण यार, त्यांनी स्वतःबद्दल लिहिलेलं काही उरलं नाही. जे कळतं ते रोमन आणि ग्रीकांकडून. भाषेतली उरली ती बहुतेक औषधी झाडांची नावं."

मुलगी म्हणायची, "बाबा, नोबडी केअर्स." हे सांगताना ते स्वतःच हसत.

एका जानेवारीत आमच्या सॉफ्टवेअरचं नवं रिलीज फसलं. चूक माझ्या कोडमध्ये होती. काकांनी ती आधी दाखवलीही होती. पण रिपोर्ट मला लिहायचा होता आणि माझ्या व्हिसाची मुदत संपत आली होती. 'टेस्टिंगमध्ये निसटलं,' असं मी लिहिलं. आठवडाभरात काकांना काढलं.

शेवटच्या दिवशी परतीच्या गाडीत मी म्हटलं, "काका, तो रिपोर्ट मी लिहिला."

"माहीत आहे. तुझी वाक्यं ओळखतो मी."

ते रागावतील म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यांनी डबा उघडला, सकाळची उरलेली पोळी मोडून अर्धी माझ्यापुढे धरली.

"दमलोय रे," म्हणाले. "भांडायला अंगात काही उरलं नाही."

मी पोळी हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला खरं काय ते लिहून कळवलं. 'नोटेड,' एवढं उत्तर आलं. माझी नोकरी राहिली. काका-काकू नागपूरला परतले.

मॅनेजरला खरं कळवल्याचं मी काकांना फोन करून सांगितलं.  ते म्हणाले, "बरं केलंस."

त्यानंतर ऑफिसला निघण्याआधी मी अधूनमधून फोन करतो. काकू उचलतात. "झोपलेत," म्हणतात. नागपुरात तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात.