साडभाऊंचं सोयऱ्यांचं जाळं

वऱ्हाडात आता अनोळखी माणूस औषधालाही उरलेला नाही, आणि याला सर्वस्वी आमचे अकोल्याचे साडभाऊ, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान, जबाबदार आहेत. इकडे दोन माणसं भेटली की "तुमी कोन्या गावचे?" पासून सुरू होऊन चहा निवायच्या आत सोयरीक निघतेच. पण साडभाऊंना तेवढा धीर कुठला! निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी कॉम्प्युटरवर साऱ्या सोयऱ्यांचं जाळंच विणलं. माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेघ. ठिपक्यावर माउसचा बाण नेला की त्या माणसाच्या तेवढ्या रेघा पिवळ्याधमक उजळतात, बाकीचं जग मंद होतं. निदान तसं व्हायला हवं होतं. पण साडभाऊंनी सोयऱ्याचा सोयराही सोयराच धरलेला! चांदूर बाजारच्या एका मामांवर बाण ठेवला आणि अख्खा पडदा पेटला.

"बिघडलं वाटते," मी म्हणालो.

"बिघडलं कायले? हेच तर वऱ्हाड हाये, बुवा!"

लग्नकार्याला जाताना ते आहेर विसरतात, लॅपटॉप नाही. एका साखरपुड्यात तर त्यांनी भर पंगतीत सिद्ध केलं की नवरदेव नवरीचा लांबून मामा लागतो. दोन्हीकडची मंडळी हातघाईवर आली, तेव्हा हे महाशय म्हणतात, "म्या फक्त बाण ठेवला!"

अशा या जगाला जोडत सुटलेल्या माणसाने एक रेघ मात्र स्वतःच्या हाताने पुसली होती. अमरावतीच्या सख्ख्या धाकट्या भावाची. कारण काय, तर वावराचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, इकडे सरकला की तिकडे! आता मुलीचं लग्न तोंडावर आलं, तरी चुलत्याला निमंत्रण नाही. पोरगी रडली, मेहुणी बोलून बोलून थकली. साडभाऊ आपले पडद्याकडे बोट दाखवून, "रेघ कुठी हाये?"

परवा मी गेलो तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या आई शेजारी येऊन बसल्या. "माह्या रेघा दाखव ना, बापा."

बाण आईच्या ठिपक्यावर गेला. नेहमीसारखा अख्खा पडदा पेटला; त्यात माहेरच्या रेघा होत्या, आणि दोन्ही पोरांच्याही, अगदी शेजारी शेजारी. आईंचा चेहरा खुलला. साडभाऊंनी घाईघाईने बाण हलवला, तसं सगळं विझलं.

"मी नसली का तुमी दोघं असेच विझसान का रे?" आईंनी विचारलं.

साडभाऊंनी बाण गुपचूप परत आईवर नेला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लावा त्याले फोन. माह्यापाशी नंबर नाई त्याचा."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून "हॅलो" आलं, पुन्हा आलं. फोन कानाला लावून साडभाऊ बसले होते, माउसवरचा हात जराही न हलवता.